एक जुनं विसरा

सर्जेकोटला रात्री अकराला पाळी बदलते,
बर्फाच्या कारखान्यातून मी बाहेर येते
तेव्हा बोटांच्या टोकांत लादीचा गारठा असतो.
मोबाईल मला ओळखत नाही.
हात मांडीवर घासते, फुंकर घालते,
तेव्हा कुठे उघडतं ते दुसरं गाव:
लाकडी धक्का, कागदाचे कंदील,
आणि एक आंधळा मास्तर, जो तीन महिने
मला फक्त विहिरीवर पाठवतोय.

तीन महिने. मोजलेत मी.
सव्वाशे घागरी, चाळीस लांडगे,
एकदा त्याचं हरवलेलं करडू शोधायला अख्खा डोंगर.
बर्फ फोडणारा सुहास मेतर म्हणतो,
दोनशे रुपये भर, थेट मिळतं कसब.
पण मला मिळायला नको होतं, यायला हवं होतं.
हा फरक सुहासला कळला नाही,
आणि दोनशे रुपयांसाठी दिवसभर
कोलंबी सोलणाऱ्या आईला
मी सांगायलाही गेले नाही.

आज मास्तरने काठी खाली ठेवली.
"बघ," म्हणाला. आंधळा, आणि म्हणाला बघ.
उजवा पाय वाळूतून ओढल्यासारखा मागे घेतला,
तळवा वळवला,
आणि अंगावर आलेला दांडगा
स्वतःच्याच जोरात पुढे जाऊन पडला.
नाव: ओहोटीचा हात.
मारायचं नाही. येणाऱ्याला येऊ द्यायचं,
त्याचं वजन सरेपर्यंत सरत राहायचं,
मग उघड्या पडलेल्या जागी
एक बोट टेकवायचं.

सतरा वेळा मेले.
बोट लवकर टेकायचं दरवेळी.
अठराव्यांदा घंटा वाजली,
कदाचित मास्तरलाच कंटाळा आला असेल,
आणि पाटी आली:
कसबांच्या जागा पाच. नवं घेण्यासाठी एक जुनं विसरा.

घारीची झेप नाही सोडवत, तिच्यासाठी दिवाळी घालवली होती.
दगडी कोपर नाही. बाकीची दोन रोज लागतात.
राहता राहिला सगळ्यात खालचा, पहिला ठोसा,
ज्याने आता कुणाला ओरखडाही येत नाही.
तो लवूने शिकवला होता,
वर ओढलेल्या होडीच्या सावलीत,
याच फुटक्या कोपऱ्याच्या मोबाईलवर,
माझ्या पाठीवर बोटांनी ताल धरून:
धर. धर. आता सोड.
लवू आता बहारीनला टगवर आहे.
त्याचा माणूस गेममध्ये अजून
नदीच्या उतारावर उभा आहे, तलवार खांद्यावर,
तीनशे दहा दिवस ऑफलाईन.

बाबा पडवीत जाळं भरत बसले होते.
सहज विचारलं,
"बाबा, शिडाची ती गाठ येता तुका अजून?"
त्यांनी सुई दातांत धरली,
सुतळीचा तुकडा घेतला, एक वेढा, दुसरा,
तिसऱ्याला हात हवेतच थांबले.
मला वाटलं वाईट वाटेल त्यांना.
"गेली," म्हणाले. "हात इसारले.
इंजिनाक गाठ कशाक व्हयी?"
आणि सुतळी कानावर अडकवून
पुढचं भोक भरायला घेतलं.

मी पहिला ठोसा पुसला.
आवाजसुद्धा झाला नाही.

पुलावर लगेच एकजण आडवा आला,
दोन कुऱ्हाडी, तोंडावर फडकं.
अंगठा आपसूक जुन्या जागी गेला:
धर. धर.
तिथे आता काहीच नव्हतं.
माझी बाई नुसती उभी राहिली,
कुऱ्हाडी आल्या, अर्ध्या वाटेत जड झाल्या,
तो तोल जाऊन पुढे वाकला,
आता सोड, पाठीवर कुणीतरी म्हणालं,
आणि मी बोट टेकवलं.

पाण्यात पडल्याचा आवाज मात्र छान केलाय त्यांनी.
आमच्या जेटीवरून कुणी पडलं
तर अगदी असाच येतो.

बॅटरी चार टक्के.
मास्तरकडे परत गेले, वाकून नमस्कार केला.
तो म्हणाला,
उद्या पाणी आण.