साक्षीला मिस्त्री

जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर
मला बोलावलं ते दुरुस्तीला नाही,
बघायला.
'पुंजाराम मिस्त्री, तुम्हीच सांगा,' गायधनी बाई म्हणाल्या,
'हे असं आपोआप मोडतं का?'

दिवाण एका अंगावर कलला होता
बसकण मारलेल्या बैलासारखा.
फोटो दोघींच्याही मोबाइलमध्ये होते.
बाईंच्या फोटोत नवी चादर,
पाडवी सिस्टरच्या फोटोत तीच चादर, मधे खोलगट.
आणि अकरा महिन्यांच्या करारात, चौथ्या पानावर:
फर्निचर सुस्थितीत.
सुस्थिती म्हणजे काय, ते पाचव्या पानावरही नव्हतं.

सिस्टर बिटकोची रात्रपाळी करून आलेली,
पायात अजून पांढरे बूट.
'मी दिवसा झोपते, मिस्त्री. एकटी.
झोपलेलं माणूस किती मोडणार?'
'आणि नवापूरहून भाऊ आला होता, तो? त्याचे मित्र?'
'ते खाली सतरंजीवर झोपले.'
'सतरंजीचा फोटो आहे?'
इथे दोघी एकदम गप्प झाल्या.
बाईंनाही वाटलं असावं, हे जरा जास्तच झालं.

बाई प्रेसमधून रिटायर.
छत्तीस वर्षं कोऱ्या नोटा मोजल्या, एकही आपली नाही.
डिपॉझिटचे तीस हजार टेबलावर होते.
बोटाला पाणी न लावता त्यांनी साडेआठ हजार
वेगळे केले, वर रबर बँड.
सिस्टर त्या गठ्ठ्याकडे बघत होती
सलाईनच्या बाटलीकडे बघावं तशी,
किती गेलं, किती उरलंय.

मी गादी उचलली.
लाकूड खोटं बोलत नाही म्हणतात.
बोलतं. वरून सनमायका लावला की काहीही बोलतं.
खालून मात्र त्याला लाज नसते.

सांगाडा सागाचा. जेलच्या दुकानातून घेतलेला,
बाईंच्या मिस्टरांनी, बढतीच्या वर्षी.
सांधे असे की ब्लेड जाणार नाही.
ज्यानं केला त्याचा गुन्हा कधीच ठरून गेलेला,
त्याच्या हाताला उरलं होतं फक्त काम.

मोडली होती मधली फळी.
सागाची नाही. द्राक्षाच्या पेटीची.
पालथी केली तर निळा शिक्का, पिंपळगाव बसवंत,
खाली अर्धाच घड उमटलेला
आणि त्यातून आरपार एक खिळा.

माझाच.
अंगठ्याशेजारचं बोट अर्धं आहे माझं,
माझा खिळा नेहमी जरा तिरका बसतो.
चार वर्षांपूर्वी, ह्याच खोलीत.
'भाड्यानेच द्यायचंय, मिस्त्री. सागाची कशाला?'
मी म्हणालो होतो, 'दोन वर्षं जाईल.'
चार गेली. म्हणजे फळीनं
माझ्या शब्दापेक्षा जास्तच दिलं.
दोनशे रुपये घेतले होते. चहा वेगळा.

बाई माझ्याकडे बघत होत्या.
पुढच्या महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करायच्यात,
परवाच फोनवर ठरलेलं.
त्यांना ती फळी आठवत होती की नाही, कळेना.
मोजणाऱ्या माणसाचा चेहरा मोजताना हलत नाही.
सिस्टर तर बघतच नव्हती. तिनं एक बूट काढला होता,
दुसरा काढावा का, इतकंच बहुधा तिच्या डोक्यात.

नैसर्गिक झीज, असा एक शब्द आहे म्हणे कायद्यात.
माझ्या गुडघ्याला डॉक्टरही तेच म्हणाला.
त्याचे पैसे कुणी कापत नाही,
देतही नाही.

'कुणामुळे मोडली?' बाईंनी परत विचारलं.

मी फळी टेबलावर ठेवली, शिक्का वर,
रबर बँडच्या शेजारी.
'खिळा माझा आहे,' म्हणालो.
आणि पिशवीत टेप शोधू लागलो,
कारण दोघींपैकी कुणीतरी बोलेपर्यंत
हाताला काहीतरी हवं होतं.
तीन फूट, वर दोन सूत.
कानामागची पेन्सिल काढून भिंतीवरच लिहिलं,
पुढे: सागाची.