दुभाजकाच्या अलीकडे

भाच्यानं मोबाइलवर दाखवलं:
पावाच्या लादीएवढं यंत्र, वजन दोन किलो,
एकदा चार्ज केलं की दीडशे पानं.
"मावशी, पिशवीत मावतं. काढ, छाप, दे."
किंमत एकवीस हजार चारशे,
शाई वेगळी.
शाई नेहमीच वेगळी असते.

मी पारोळ्याला तहसीलबाहेर अर्ज लिहिते.
निंबाखाली घडीचं टेबल, एक खुर्ची माझी,
दुसरी उस्मान पिंजारीनं दिलेली.
तिचा एक हात तुटलाय,
म्हणून लोक तिच्यावर एका अंगाला कलून बसतात,
आणि कलून बसलेला माणूस खरं सांगतो
असं मला उगाच वाटतं.

अर्ज टाइप करायचा, उस्मानला पाठवायचा
(आधी पेनड्राइव्ह, आता व्हॉट्सअॅप)
आणि म्हणायचं, जा, समोरून प्रिंट आणा.
एकोणीस वर्षं समोर म्हणजे समोरच होतं.
मागच्या साली रस्त्याच्या मधोमध दुभाजक बसला,
कंबरेएवढा.
आता समोर जायला पेट्रोल पंपापर्यंत वळसा.

मे महिन्यात झेंडूबाई भिल आली, वारसनोंदीला.
पहिल्या प्रिंटवर नाव चुकलं.
दुसरीवर नाव बरोबर, गट नंबर चुकला,
तो मीच चुकवला.
तिसऱ्यांदा निघाली तेव्हा डांबर
चपलेला सोडत नव्हतं.
परत आली ती कागद पदराखाली धरून,
त्याला ऊन लागू नये म्हणून.
डोकं उघडं.
बोलली काही नाही. पाणी मागितलं.

त्या रात्री वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीवर हिशेब मांडला.
दिवसाला तीस पानं, पानाला पाच रुपये,
दोन शाईचे, पाऊण कागदाचा,
म्हणजे सव्वा वर्षात फिटतं,
साहेब फार रजेवर गेले नाहीत तर.
मग खाली रेघ मारून
उस्मानचा चहा लिहिला, रोज दोन.
वावटळीत उडालेले अर्ज
त्याच्या पोरांनी नाल्यापर्यंत पळून गोळा केले, ते लिहिलं.
माझ्या ऑपरेशनच्या महिन्यात
टेबल त्यानंच उघडलं, बंद केलं,
अक्षर कोंबडीच्या पायाचं
पण एकाचाही दाखला अडला नाही.
हे कुठल्या रकान्यात टाकायचं कळेना.
खोडलं. पेन जाड होता,
वरची बेरीजही गेली.

उस्मानचा बाप कापूस पिंजायचा.
खांद्यावर कमान, गावोगाव, दारात बसून
गादी भरून द्यायचा.
गिऱ्हाइकाला कुठे जावं लागत नसे.
मग फोमच्या गाद्या आल्या, हप्त्यावर.
ती कमान आता झेरॉक्स मशीनच्या वर टांगलेली असते.
काम नसलं की उस्मान तिच्या तातीला बोट लावतो.
आवाज येत नाही,
थोडी धूळ पडते.

काल कोटेशन आलं.
बचत गटाला कर्जासाठी ते कागदावर हवं.
कागदावर म्हणजे,
कुठून काढणार?

गेले वळसा घालून.
पान उलट्या बाजूनं बाहेर येत होतं
तरी त्यानं वाचलं. पिंजारी आहे,
उलटसुलट बघायची सवय.
"हलकं दिखस," म्हणाला.
मग मशीनच्या झाकणावरून फडकं फिरवत:
"ले ना ताई. मना काय जास?"

माझ्या स्वतःच्या कागदांचे पैसे
त्यानं कधी घेतले नव्हते.
तरी मी दोनचं नाणं काउंटरवर ठेवते दरवेळी,
तो बोटानं परत सरकवतो,
आमचा तो खेळच आहे.
काल त्यानं ते उचललं.
गल्ल्यात टाकलं.
आणि पोराला हाक मारली,
"ताईले चहा सांग."

मी बसले.
दुभाजकाच्या पलीकडे, निंबाखाली
माझ्या टेबलाशी कुणीतरी येऊन
एका अंगाला कलून बसलं होतं,
मांडीवर पिशवी,
वाट बघत.