डाव्या डोळ्याच्या मापाचा

आचारसंहिता लागली तशी
हैबतीनानाची रायफल ढेबेवाडीच्या ठाण्यात जमा झाली.
माझ्याकडे आला तो पोत्यात
नुसता फुटका दस्ता घेऊन,
मनगटाशी चिरलेला,
वर सायकलच्या ट्यूबचे आठ वेढे.
आणि खांद्यावर शिसवाची फळी,
पावणेचार फूट लांब,
दोन्ही टोकांना मेण फासलेलं.

"बांधावरची शिसव.
रस्ता रुंद केला तवा पडली.
सा वर्सं माझ्या खाटंखाली हाय.
आता माझ्यापरीस वाळलीया."

मी म्हटलं, नाना, मी दारं करतो,
सनमायका चिकटवतो,
शेवटचा नांगर केला त्याला वीस वर्षं झाली.
"दार बी मापाचंच असतंय की," म्हणाला.
मग चष्मा काढला.

उजव्या डोळ्यात ताक सांडल्यासारखं.

"ह्यो गेला. आपरेशन झालं, तरी गेला.
चाळीस वर्सं ह्याच खांद्याला लावली.
आता डावा खांदा, डावा गाल.
जेवढा डोळा ऱ्हायलाय त्याच्या मापाचं कर."

शिंप्यागत मापं घेतली.
कोपराच्या वळणापासून तर्जनीच्या पेरापर्यंत
तेरा इंच दोन सूत.
मग गळ्याच्या हाडापासून गालफाडापर्यंत, बोटांनी.
तो ताठ उभा, हनुवटी वर,
कुणी साहेब तपासणीला आल्यासारखा.
दाढीचे खुंट माझ्या बोटांना टोचत होते.
माझ्या बापाचा गाल
मी एवढा वेळ कधी धरला नव्हता.

फळी तीन दिवस नुसती बघितली.
पाणी मारलं की रेषा वर येतात.
मनगटातून रेषा सरळ गेली पाहिजे,
आडवी गेली की पहिल्या धक्क्याला तडा,
जुन्याचं तेच झालं होतं.
एक गाठ होती, ती पुढच्या टोकाला ढकलली,
तिथं नुसता तळवा टेकतो.

वाकस, पटाशी, कानस, शेवटी काचेचा तुकडा.
बूड डावीकडे दोन सूत वाकवायचं होतं.
जन्मभर ओळंबा लावून बघणारा माणूस मी,
मुद्दाम वाकडं करताना
हात सारखा सरळ जायला बघायचा.

जांभळट छिलपे ओसरीभर.
बायकोनं चुलीत घातले नाहीत.
म्हणाली, बंदुकीचं लाकूड, आमटीखाली नको.

निकाल लागला. गुलाल उडाला.
लोखंड अजून ठाण्यातच, साहेब रजेवर.
डुकरांनी भुईमुगाचे दोन वाफे उकरले.
नाना रोज येऊन पायरीवर बसायचा,
दस्त्याकडे बघायचा नाही,
मुलीकडं सोयरिकीला आल्यासारखा
भलत्याच गोष्टी बोलायचा.

लोखंड आलं त्या दिवशी चिमणी पेटवली.
काजळ धरलं, नळीच्या बुडाला फासलं,
लाकडात दाबलं, उचललं.
जिथं काळं उमटलं तिथं लाकूड जास्त.
तेवढंच खरवडायचं. परत फासायचं.
सत्तर-ऐंशी वेळा तरी झालं असेल,
दोन रात्री गेल्या.
मग एकदा दाबलं
तर सगळीकडे सारखं काळं,
आणि नळी बसताना आवाजच झाला नाही.

तेल पाजायचं बाकी होतं,
जवसाचं, तळहातानं, महिनाभर.
पण त्याला धीर नव्हता.
मोकळीच रायफल उचलली, उजवीकडं नेली,
थांबला,
स्वतःशीच हसला
आणि डाव्या खांद्याला लावली.

गाल लाकडावर ठेवला.
एक डोळा मिटायची गरजच नव्हती.

नळी पठाराकडं, पवनचक्क्यांवर.
किती वेळ तसाच.
बायको चहा घेऊन आली, दारातच थांबली.

"तीन पाती," तो म्हणाला.
"तिन्ही दिसत्यात."

दस्ता माझ्या हातात दिला, पैसे मोजले,
वीस रुपये परत मागून घेतले
आणि चढ चढायला लागला.

माझ्या बोटांचं काजळ लाकडाला लागलं होतं,
लाकडाचं त्याच्या गालाला,
चांगलं चार बोटं.
मी काही सांगितलं नाही.