दाताची खूण

कादवेच्या काठी, निफाडच्या अलीकडे
गावाने कधीच टाकून दिलेली एक पांढरी आहे.
भोवतीच्या काळीत कांदा लावतात.
पांढरीत काही लावत नाहीत.
राखेची माती ती, चिमटीत धरली तरी उडते.
तिथे तीन महिने मी हाडं धुतली.

दात घासायच्या ब्रशने, निळ्या टबात.
फुलाबाई चाळण हलवायची,
वर राहील ते माझ्याकडे यायचं:
मेंढीची मांडी, बैलाचा खूर, शिंपले,
पुन्हा मेंढी, पुन्हा मेंढी.
संध्याकाळी नाशिकच्या एसटीत
नखांत साडेतीन हजार वर्षं घेऊन मी बसायचे
आणि कंडक्टर सुट्टे मागायचा.

कुत्रं काही निघालं नाही.
वहीत रकाना होता.
विद्वांस सर रोज विचारत, मी रोज शून्य दाखवायची.

मग एकदा, माघातल्या तिरप्या उन्हात,
वाळत घातलेल्या हाडांवर सावल्या पडल्या
आणि दिसलं.
टोकं खाल्लेली. कडेने खळगे.
आडवे ओरखडे, एकावर एक.
गारेचं पातं असं नाही चालत,
पातं नेमकं असतं, त्याला काम असतं.
हे कुणीतरी दोन पंजांत धरून
चुलीपासून जरा लांब बसून
रात्रभर चघळलेलं.
एक तुकडा तर पोटातून जाऊन आलेला,
झिजून गुळगुळीत.
फुलाबाईने हुंगून पाहिला.
"गेला की गं वास आता," म्हणाली,
जणू कालपर्यंत होता.

रकान्यात शून्यच राहिलं.
हाडं मोजतात, दात मोजत नाहीत.

तिसऱ्या खड्ड्यात, घराच्या जमिनीखाली,
एक माणूस उताणा निजलेला होता.
उशाशी तोटीचं भांडं,
पावलं घोट्यापासून नव्हती.
"मेलेल्याने घर सोडून जाऊ नये
म्हणून तोडत असावेत," सर म्हणाले,
आणि "असावेत" वर जरा थांबले.
मी हातातलं मेंढीचं हाड उलटं केलं.
कुत्र्याचे पाय तोडायचं
कुणाच्या मनात आलं नसेल.
पाऊस हटला, सातूचं पीक गेलं,
उरलेली मेंढरं घेऊन माणसं उठली तेव्हा
ते उठून अंग झाडून
पुढे चालायला लागलं असेल.
म्हणून ते इथे नाही.

हे वहीत लिहिता येत नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या रानात
म्हाळू बुरुंगल्यांचा वाडा बसला,
दोनशे मेंढरं, एक घोडी, कोकरांची जाळी.
आणि ते, एक कान फाटलेलं, मातकट,
आमच्याकडे पाठ करून बसलेलं.
नाव विचारलं तर म्हाळू हसले.
"नाव कशाला? शीळ घातली की येतंय."
मेल्यावर कुठे पुरता?
"जिथं मुक्काम तिथं. वर दोन दगुड ठेवायचे,
न्हाईतर कोल्ही उकरत्यात."
मग जागा लक्षात राहते?
"ताई, फुडं जायचं असतं की."

शीळ कुठल्या थरात सापडत असेल?
चाळणीतून तर जातेच.

परवा दुपारी आम्ही भाकरी खात होतो.
ते आलं, ताटव्यातून नेमकं
चारशे बारा नंबरचं उचललं,
बाभळीखाली नेलं,
एकदा चावलं आणि टाकून दिलं.
कसलाच रस नव्हता त्यात, बिचाऱ्याला कसा कळावा.
मी धावले, फुलाबाई पोट धरून हसत राहिली.

धुतलं. पुसलं. उन्हात धरलं.
जुनी खूण तपकिरी, नवी पांढरी,
दोन्हींत बोटभर अंतर.
मोजपट्टी लावली, आकडेही घेतले,
ते माझ्याजवळच आहेत.

विद्वांस सरांना अजून सांगितलेलं नाही.
वाडा काल उठला, चांदवडच्या अंगाला गेला.
रकान्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय मी,
खोडता येईल इतपत हलकं.