अवांतर

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सात जण जमतो
पेन्त्रवाइनच्या चॅपेलमागे, थडग्यांमध्ये,
दगडफूल बघायला.
प्रत्येकाचं गोणपाट वेगळं, गुडघे सारखेच दुखरे,
गळ्यात दसपट दाखवणारं भिंग.
पाटीच्या काळ्या दगडांवर
मेलेल्यांची नावं बुजवत
पिवळी, करडी, हिरवट वर्तुळं पसरतात:
वर्षाला अर्धा मिलिमीटर.
त्यांना घाई नाही.

घाई मला होती. मी चिटणीस.

तेगविनचं नमनालाच घडाभर तेल:
बॉयलर, मेव्हण्याची हरवलेली मेंढी,
गुरुवारच्या गायनात कोण बेसूर झालं,
मग डोळे,
"आज जरा धुकं आहे गं माझ्या डोळ्यांत."
एलुनेदच्या लीकवर तांबेरा पडलेला.
इदवाल बसच्या वेळा सांगायचा,
रद्द झालेल्या बसच्यासुद्धा.
"मंडळी, विषयाला धरून," मी म्हणायची,
एखाद्या वात्रट वासराला दाव्याला धरावं तशी.

शेवटी मार्चमध्ये मी डबा आणला.
बिस्किटांचा, रिकामा, झाकणाला चीर पाडलेला.
अवांतर वाक्याला वीस पेन्स.
पहिल्या शनिवारी तो खुळखुळला, सगळे हसले.
एप्रिलमध्ये चार नाणी.
मेमध्ये एकच, तेही माझं:
बोटं गारठली, असं मी मोठ्यांदा म्हणून गेले.

काम काय झपाट्याने झालं!
चौतीस नोंदी, आणि बाराच्या आत घरी.
फक्त भिंगावरचा श्वास पुसल्याचा आवाज,
आणि भिंतीपलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर.
मी वहीत रेघा मारल्या, लाल शाईने,
आणि हो, मला अभिमान वाटला.

जूनमध्ये बँगरहून तपासायला बाई आल्या.
पूर्वेच्या रांगेपाशी थांबल्या.
"इथे सगळं करडं लिहिलंय.
हे तर हळदीसारखं पिवळं आहे."
अक्षर तेगविनचं होतं.
तीन महिने, एकवीस थडगी.

मी त्याच्या घरी गेले तेव्हा
तो किटली हाताने चाचपत होता.
"सांगणार होतो," तो म्हणाला,
"पण सुटे नव्हते."

दगडफूल म्हणजे एक जीव नव्हेच.
बुरशीच्या घरात शैवाल राहतं,
ते उन्हाचं जेवण रांधतं, ही छप्पर धरते;
यजमान कोण, पाहुणा कोण,
याचा निकाल अजून लागलेला नाही.
हे वाक्य बावीस वर्षं
प्रत्येक नवख्याला मीच ऐकवत आलेय.

म्हणून मी काही संत झाले नाही.
परवाच बॉयलरच्या तिसऱ्या बिघाडाला
मी दात आवळले, पेन्सिलीचं टोक मोडलं.
पण वहीचा समास आता रुंद आखते.
तेगविन बोटांच्या पेरांनी कडा चाचपतो,
खरखरीत, पापुद्री, पावडरीसारखी,
मी रंग सांगते, तो नाव सांगतो.
अजून तरी एकदाही चुकलेला नाही.

थडगं बारा, रुंदी एकोणचाळीस मिलिमीटर, पिवळं.
समासात: मेंढी सापडली, दोन कोकरांसह.
थडगं तेरा, करडं (खरोखरच करडं).
समासात: शस्त्रक्रिया सप्टेंबरात, उजवा डोळा आधी.
इदवाल म्हणे त्या दिवशी
रुग्णालयाकडे जाणारी दहा-चाळीसची बस नसते,
नऊ-पंचवीसची घ्यावी लागेल, पुलापाशी बदलून.
मी तेही लिहून घेतलं.

डब्यात पुन्हा बिस्किटं आहेत.
आल्याची.
एलुनेदला ती आवडत नाहीत,
आणि हे ती आम्हाला दर वेळी सांगते.