वाढ नाही

सकाळी नऊला इनक्युबेटर उघडते.
सदतीस अंशांची ऊब तोंडावर येते
आणि तो वास,
ज्याला घरी सांगायला माझ्याकडे शब्द नाही.
खाली संगम पुलावर हॉर्न सुरू झालेले असतात.

बेड नऊ. द्रुपदाबाई कांचन, वय एकसष्ट.
रक्तात क्लेबसिएला.
लूपने उचलली की तार धरते,
गुलाबजामच्या पाकासारखी, एकतारी.
काल बारा औषधांच्या बारा टिकल्या ठेवल्या होत्या,
आज पट्टीने मोजते
कुणाभोवती किती मोकळी जागा राहिली.
सहा मिलिमीटर म्हणजे नुसती टिकलीच.

सहा. सहा. सहा.
नऊ.
सहा.

एका महागड्या औषधाभोवती फक्त
रुपयाच्या नाण्याएवढं रिकामं.

जिन्याखाली तिचा मुलगा, माणिक, थर्मास घेऊन.
"ताई, उगवलं का काही?"
उरुळीला त्याची रोपवाटिका:
टोमॅटो, झेंडू, कोकोपीटचे काळे ट्रे.
उगवणं ही त्याच्या घरात चांगली बातमी.
मी म्हणते, उगवलंय.
त्याचा चेहरा क्षणभर खुलतो,
मग त्याला आठवतं.

"मागच्या साली ताप आलता तिला.
पाच दिवसांच्या गोळ्या. दोन दिवसांत उठून बसली.
उरलेल्या डब्यात ठेवल्या,
कुणाचं अंग दुखलं की एकेक द्यायची.
वाया कशाला घालवायच्या?"
थर्मासचं झाकण तो उगाच फिरवत राहतो.
"फवारणी अर्धी सोडली की कीड घट्ट होते,
हे मला कळतं, ताई.
हे नाही कळलं."

मला सांगायचं होतं की एकट्या तिच्या डब्याचं हे नाही,
कोंबड्यांच्या खाद्याचं आहे, नाल्याचं आहे,
आमच्याच वॉर्डातल्या न धुतलेल्या हातांचंही आहे.
तेवढ्यात वरून हाक आली.

सहाव्या दिवशी पुन्हा रक्त आलं.
अठ्ठेचाळीस तास रोज बाटली उजेडात धरून पाहिली,
मग रिपोर्टवर लिहिलं: वाढ नाही.
इतक्या वर्षांत माझ्या हातून उतरलेलं
यापेक्षा गोड वाक्य मला माहीत नाही.

रिपोर्ट घेऊन स्वतःच वर गेले.
माणिक बेसिनपाशी उभा,
सिस्टरने शिकवल्यासारखा कोपरापर्यंत साबण,
ओठांत आकडे मोजत.
अठरा, एकोणीस.
नखांतली उरुळीची माती काही निघत नव्हती.
त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.
मी थांबले.