कुजण्यासाठी विणलेलं

नायनानं ऑर्डर दोनदा वाचली.
मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
ताग आणि काथ्या, सहा बाय चार,
वीण इतकी विरळ की करंगळी आरपार जावी,
रंग नको, खळ नको,
आणि सगळ्यात खाली:
सात-आठ महिन्यांत पूर्ण कुजलं पाहिजे.

कुजलं पाहिजे.
हे कुणाला, तर ज्याच्या चादरी
आईच्या अंगावरून लेकीच्या, लेकीच्या अंगावरून नातीच्या गेल्या
आणि मोराचं एक पीससुद्धा विटलं नाही,
त्या माणसाला.

फोन लावला. लावण्या कुरापाटी,
आमच्याच गल्लीतली,
आता पार तमिळ किनाऱ्यावर
कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पगार घेते.
बोलत होती तेलुगूत, मधेच मराठीत:
मामा, समुद्राच्या तळाला गवत असतं.
शेवाळ नाही हो. गवत. मुळं असलेलं, फुलणारं,
पराग पाण्यातूनच वाहून नेणारं.
मोठ्या बोटींची जाळी तळ खरवडत गेली, टक्कल पडलंय नुसतं.
कांड्या आहेत आमच्याकडे, पण रुजेपर्यंत
लाट राहू देत नाही.

कांडी म्हटल्यावर नायना हसला.
आमच्यात कांडी धोट्यात जाते,
सुताची असते, आणि रिकामी होऊन परत येते.

तोवर धरून ठेवेल असं काही द्या, ती म्हणाली.
मग?
मग त्यांचं ते बघतील.

अम्मा सुपात तेंदूची पानं घेऊन बसलेली,
बोटं थांबली नाहीत, विचारलं फक्त,
तिथं चरतं कोण?
समुद्रगाय, अम्मा.
दूध देते?
पिल्लाला पाजते की.
मग बरोबर आहे, अम्मा म्हणाली
आणि विडीचं तोंड दुमडलं.

पॉवरलूमवर ताग तुटायचा.
शेवटी मागच्या खोलीतला हातमाग काढला,
त्याच्यावर ठेवलेली भांडी, जुने जकार्डचे पत्ते,
माझी दहावीची पुस्तकं, सगळं उतरवून.
सतरा दिवस खट्ट, खट्ट.
सारखी वीण घट्ट व्हायची.
हात ऐकत नव्हते. उसवायचा, पुन्हा बसायचा,
शिव्या द्यायचा, कुणाला ते कळायचं नाही.
अठराव्या दिवशी म्हणाला,
सैल विणायला जास्त ताकद लागते गं.

साठ चटया गेल्या. समुद्र न बघितलेल्या घरातून.

फोटो आला श्रावण संपताना.
गढूळ हिरवं पाणी, लांबट पाती एका बाजूला झुकलेली,
मधे बोटाएवढी कसलीशी मासळी, घाबरलेली.
नायनानं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
आणखी मोठा, इतका की हिरव्याचे चौकोन झाले.
काठ शोधत होता तो.
गाठ शोधत होता, जी तो डाव्या कोपऱ्यात मारतो,
प्रत्येक मालावर, सवयीनं.

नाहीच दिसत, म्हणाला.
आणि मोबाइल माझ्याकडे न देता
बराच वेळ धरून बसला.

एक चटई वाकडी आली म्हणून इथंच राहिली.
अंगणातल्या पिंपावर झाकण म्हणून घातली आहे.
दुसरं वर्ष लागलं तिला. सोलापूरच्या उन्हात
कुजत नाही, पहिल्या दिवशीइतकीच ताठ.
पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडे,
अम्मा थेंब मोजते.
तरी नळ गेला, पिंप भरलं, तिची पाठ वळली
की नायना एक तांब्या
हळूच ओततो त्या चटईवर.